पायथ्याच्या साहेबांना खाटेचा सवाल

डॉक्टरसाहेब, तुम्ही नेहमी माझ्या पायथ्याशी उभे राहायचात. उशाशी एकदाही आला नाहीत. निजलेल्या माणसाच्या तोंडाकडं न बघता तुम्ही त्याच्या नवऱ्याला, भावाला, लेकाला बाजूला घ्यायचात आणि म्हणायचात, "घरी न्या. दिवाळी निघणार नाही." कुणाला दसरा सांगायचात, कुणाला शिमगा. जणू सगळे सण तुमच्या कोटाच्या खिशातच होते. आणि जो निजलाय त्याला काय सांगायचात? "काय बाई, बरं आहे ना?" एवढं म्हणून तुम्ही पुढच्या खाटेकडं वळायचात. हा माझा तुमच्यावरचा आरोप आहे, आणि तो मी तोंडावर करते आहे.

मित्रांनो, बिचकू नका. मी एक जुनी लोखंडी खाट आहे. आज आबांच्या गोठ्यात कडब्याच्या पेंढ्या माझ्यावर रचलेल्या आहेत आणि एक तांबडी कोंबडी माझ्या कोपऱ्यात अंडी घालते. पण माझा राग अजून गंजलेला नाही. ऐका.

मिरजेत स्टेशनच्या मागं एका पत्र्याच्या शेडमध्ये बिराप्पा नावाचा कारागीर खाटा करायचा. लोखंडी नळीत कोरडी वाळू ठासून भरायची, नळी भट्टीत लाल करायची आणि मग वाकवायची, म्हणजे वाकताना ती चेपत नाही. माझ्या उशाची उंच कमान त्यानं अशीच घडवली. पायथ्याची कमान मुद्दाम बुटकी ठेवली. नंतर त्यानं वाळू ओतून काढली, पण थोडी आत राहिलीच. अजून मला कुणी हलवलं की ती आतल्या आत सरकते.

बिराप्पाची एक सवय होती. खाट पुरी झाली की तो आधी स्वतः तिच्यावर आडवा व्हायचा. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी एक डुलकी काढायचाच. "आपन निजल्याबिगर खाट द्यायची न्हाई," असं म्हणायचा. माझ्यावर तो घोरला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माणसाचं वजन म्हणजे काय.

मग मी मिरजेच्याच दवाखान्यात गेले. पांढरा रंग, पायथ्याला नंबर, रोज सकाळी फिनेलचं पाणी. माझ्यावरून बरी होऊन गेलेली माणसंही पुष्कळ होती, खोटं कशाला बोलू? एक सिस्टर मला थोपटून म्हणायची, "ही खाट गुणाची. कुरकुरत नाही." त्या शब्दांवर मी कित्येक वर्षं काढली. पण साहेब, तुमचं ते हळू आवाजातलं बोलणं मी त्याच वर्षांत ऐकलं. तुम्हाला वाटायचं की निजलेल्याला ऐकू जात नाही. त्याच्या पाठीचा ताठरपणा मला कळायचा. तुम्हाला कसा कळणार? तुम्ही पायथ्याशी होतात.

पुढं दवाखान्यात नव्या खाटा आल्या. दांडा फिरवला की त्यांची उशाकडची बाजू वर उचलली जायची. आम्हा जुन्यांना मागच्या अंगणात फेकून दिलं. तिथून कराडकडच्या, कृष्णेकाठच्या एका गावच्या दादासोनं मला त्याच्या बापासाठी नेलं. बाप गेला. दादासोच्या बायकोला मी घरात नको झाले, म्हणून त्यानं मला तालमीत नेऊन भिंतीला उभी केली. समोर पैलवान लाल मातीत घुमायचे आणि मी त्यांचे शड्डू ऐकत राहायचे. मिरजेहून "घरी न्या" म्हणून परत पाठवलेलं माणूस गावात आलं की चौघं येऊन मला उचलायचे. ते माणूस गेलं की मला नदीवर घासून पुन्हा तालमीत आणायचे. होता होता गावात रीतच पडली. मी ज्या दाराला लागले, त्या दारी बाया दुसऱ्या दिवशी आवडीचं खाणं घेऊन भेटायला जायच्या. कुणी तोंडानं काही बोलत नसे. खाट आली, यात सगळं आलं. गावातली पोरं तर पैज लावून मला शिवायची आणि ओरडत पळायची.

पंच्याहत्तर साली, गणपती बुडवले त्याच आठवड्यात, हरणाबाईला मिरजेहून परत आणलं. पोटात गाठ होती. हरणाबाई म्हणजे ज्ञानू आबांची बायको. त्यांचा एकुलता लेक कृष्णात लष्करात होता, पार वर, बर्फाच्या मुलखात. घरी त्याची बायको अंजना सासूचं करायची.

आबा मला न्यायला आले ते हातात रंगाचा डबा घेऊनच. दरवाज्याला दिलेला हिरवा रंग उरला होता. तालमीच्या मागं बसून त्यांनी मला उशापासून पायथ्यापर्यंत हिरवी केली. घाईत काही ठिकाणी रंग बसलाच नाही.

"आबा, ह्ये काय?" दादासोनं विचारलं.

"तिनं वळखू नये म्हणून," आबा म्हणाले. "बाजारातनं नवी आनली म्हणून सांगतो. तू बी त्येच सांग."

"आन डाक्टर काय म्हनला?"

आबांनी ब्रश डब्यात बुडवला. "म्हनला, दिवाळी निघनार न्हाई."

मित्रांनो, आबांच्या तोंडून मला ते पायथ्याचे साहेबच ऐकू आले. तोच आवाज, तेच शब्द, एकही कमी-जास्त नाही.

तर सगळं गाव खोटं बोलायला लागलं. हरणाबाईला सोप्यात माझ्यावर निजवलं. समोर दार, दाराबाहेर अंगण आणि अंगणाला लागून उसाचं रान. पहिल्याच दिवशी शेजारची भामाबाई आली. ही बाई लय बोलघेवडी. माझ्याकडं बघून म्हणाली, "आगं बया, नवी कोरी खाट! आबांनी तर तुला रानीच केली." हरणाबाई हसली. तिचा हात माझ्या कडेवरून हळूहळू फिरला, जिथं रंग नीट बसला नव्हता तिथं थांबला, आणि मागं गेला. 

आबांनी कराडला जाऊन तार केली. आई सीरियस, ताबडतोब निघ. लष्करातल्या माणसाच्या घरी ही तार कशी करतात, कधी करतात, हा मोठा पेच असतो. लवकर केली तर पोराची सुट्टी वाया जाते. उशिरा केली तर पोराला राखच दिसते. आबांनी साहेबांच्या शब्दावर भरवसा ठेवला. दसरा झाला आणि कृष्णात दारात उभा राहिला.

बाया म्हणाल्या, जीव लेकात अडकला होता, आता सुटंल. पण झालं उलटंच! लेकाला बघून हरणाबाई उठून बसली. भाकरी मागितली. दुसऱ्या दिवशी मिरचीचा ठेचा मागितला. अंजनाला माझ्यावरूनच हुकूम सुटायला लागले, "आगं, करंजीला मोन जास्त घाल. माझ्या लेकाला खुसखुशीत लागत्यात." सोप्यात तळणाचा वास, परड्यात बंबाचा धूर, आणि मी मधे हिरवीगार, सणाला आणल्यासारखी.

पण आबा मात्र दोन दिवसांआड लेकाला विचारायचे, "सुट्टी अजून किती हाय रं?"

"हाय की, आबा."

"तरी पन?"

हरणाबाईला ती माया वाटायची. "आवं ऱ्हाऊ द्या की लेकराला. आल्यापासनं सुट्टी-सुट्टी लावलंय." आणि बापलेक एकमेकांकडं बघायचे नाहीत. एकदा परड्यात कृष्णात अंजनाला म्हणाला, "आई बरी दिसली की मला आनंद हुतो, आन मग माझीच मला लाज वाटती. म्या हितं काय बघत बसलोय, सांग की." अंजनानं पदर तोंडात धरला. हे मी उघड्या दारातून ऐकलं. लेकाला आईच्या मरणाची वाट बघायला बसवणारं ते वाक्य, साहेब, तुमचं होतं.

भाऊबीज झाली. भामाबाई फराळाचं ताट घेऊन आली, हरणाबाईच्या गालावरून हात फिरवला आणि बोलून गेली, "निघाली की गं बाई दिवाळी!"



हरणाबाईनं हातातली करंजी ताटात ठेवली. "म्हंजी? निघायची नव्हती व्हय?"

"तसं न्हाई गं, म्या आपलं..."

"भामे, तुला खोटं कवा जमलंय? सांग."

 मग ती लेकाकडं वळली. "म्हणून आलायस व्हय रं तू?"

कृष्णात मान खाली घालून बसला. सहा फुटी जवान, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. आबा भिंतीला टेकून म्हणाले, "डाक्टरनं सांगितलं हुतं. तुला तरास नको म्हणून..."

आणि हरणाबाई हसली. पोट दुखत होतं तरी पोट धरून हसली. "आवं, खाट तर म्या पैल्याच दिशी वळखली. दादासोचा बा हिच्यावर हुता तवा म्याच त्येला पेज पाजाया जायची. रंग दिला म्हणून खाट बदलती व्हय? मरायचं हाय त्ये मला ठावं हुतं. पन तारीख ठरली, सगळ्या गावाला कळली, आन माझ्याच मरनाचं मलाच आवतान न्हाई!"

भामाबाई रडायला लागली. हरणाबाईचं हसू हळूहळू विझलं. ती आबांना म्हणाली, "मला इचारलं असतं तर म्या ह्येला आत्ता बोलिवला नसता. हळद शिजायच्या टायमाला बोलिवला असता. तवा घरभर वास असतो, अंगनात हळद वाळत असती, सगळं पिवळं दिसतंय. बारका असताना त्यात लोळायचा. दिवाळीला काय हाय, निसतं त्याल. माझा वकूत हुता वो त्यो. माझ्या हातात द्यायचा सोडून तुमी सगळ्यांनी मिळून वाटून खाल्ला."



सुट्टी संपली. निघायच्या सकाळी कृष्णात उशाशी बसला. उशाशी, साहेब. तिनं त्याची बोटं धरली आणि विचारलं, "तिकडं बर्फ म्हंजी कसं असतंय रं?"

त्यानं रानाकडं बोट केलं. "आई, उसाला तुरा आल्यावर वाऱ्यावर कसं पांढरं हालतंय, आन मागनं उडाय लागतंय? तसंच. निसतं गार."

"मग तुरा आला की म्या बघीन. म्हंजी तू कुठं हायस त्ये दिसंल."

तो गेला. आणि मित्रांनो, इथून पुढचे दिवस मला आजही जागेपणी आठवत नाहीत. कोंबडी माझ्यावर डोळे मिटून बसते, दुपारचं ऊन गोठ्याच्या फटीतून येतं, तेव्हाच ते दिवस येतात.

हरणाबाईनं मला अंगणात न्यायला सांगितलं. ती म्हणाली, आता लपवायचं काय हाय, मला उजेडात ठेवा. शेवग्याच्या सावलीत, रानाकडं तोंड करून मला ठेवली. कार्तिक सरला आणि तुरे आले. आधी एक, मग दहा, मग सगळं रानच पांढरं झालं. वाऱ्याची झुळूक आली की ते एका बाजूला कलायचं, पुन्हा सरळ व्हायचं, आणि हरणाबाई माझ्यावर पडल्या पडल्या त्याच्याबरोबर कलायची. कराडच्या डॉक्टरची सुई टोचली की तिचं दुखणं लांब जाऊन बसायचं. मग ती बोलायची.

"अंजना, खाट हालतीया गं."

"वारा हाय, आत्याबाई."

"वारा न्हाई. हिच्यात नदी हाय. ऐक, वाळू सरकतीया."

अंजनानं माझ्या नळीला कान लावला. बिराप्पाची वाळू आतून खरंच सरकत होती.  "व्हय की वो, आत्याबाई," ती म्हणाली.

त्या दुपारी मी खाट नव्हते. मी कृष्णेवरची नाव होते. माझे चार पाय पाण्यात विरघळले होते, हिरवा रंग शेवाळ झाला होता, आणि हरणाबाई माझ्यात बसून वर वर चालली होती. घाट मागं पडले, वांगी-टोमॅटोच्या बागा मागं पडल्या, कधीच न पाहिलेले डोंगर आले आणि त्यांच्यावर तुरेच तुरे. कुठंतरी एक तंबू, तंबूच्या दारात चूल, चुलीपाशी कृष्णात. ती त्याला म्हणायची, "स्वेटर घाल रं, गार हाय." अंगणात अंजना शेंगा फोडता फोडता उत्तर द्यायची, "घातलाय त्यांनी, आत्याबाई." अशी आमची नाव रोज जायची आणि दिवेलागणीला परत यायची.

गावात मात्र नवा धंदा सुरू झाला होता. साहेबांची दिवाळी खोटी पडली, म्हणून प्रत्येक जण स्वतःच साहेब झाला. भामाबाई हरणाबाईच्या कानाच्या पाळ्या चाचपून म्हणाली, संक्रांत. दादासो पायाची सूज बघून म्हणाला, ही अमावास्या. सुई देणारा डॉक्टर म्हणाला, आठवडा. संक्रांत आली, हरणाबाईनं सगळ्यांना तिळगूळ दिला आणि विचारलं, "आता पुढचा सन कुंचा धरलाय?"

तुम्ही विचाराल, खाटेबाई, इतकी माणसं तुझ्यावर गेली, तुला तर कळत असेल? नाही, मित्रांनो. मला काहीच कळत नाही. कुणी कागदासारखं हलकं होऊनही महिनोन्महिने राहतं, आणि कुणी माझी नळी वाकेल असं जड असून सकाळी उठत नाही. साहेबांचा अंदाज चुकला म्हणून मी रागावलेली नाही. अंदाज चुकणारच. "मला नक्की सांगता येत नाही," एवढं सहा शब्दांचं... मोजू नका, पाचच आहेत... एवढं वाक्य त्यांना का बोलवलं नाही, हा माझा राग आहे.

मग उसाला तोड आली. टोळी सकाळीच रानात उतरली. कोयते चालायला लागले आणि पांढरं रान धडाधड आडवं व्हायला लागलं. हरणाबाई उशीवरून डोकं उचलून बघत राहिली. आबा तिच्याकडं बघत होते. मग धोतर सावरत रानात पळाले.

"ह्या चार सऱ्या ऱ्हाऊ द्या."

टोळीचा मुकादम म्हणाला, "का वो, आबा?"

"बियान्याला."

"तुरा आल्याला ऊस बियान्याला?" मुकादम हसला. "आबा, शेती इसरला व्हय?"

"इसरलो. ऱ्हाऊ द्या."

मुकादमानं अंगणातल्या खाटेकडं बघितलं, डोक्याचं फडकं काढलं, आणि टोळीला पलीकडं वळवलं. चार सऱ्या उभ्या राहिल्या, मोकळ्या रानाच्या मधोमध. सगळ्या शिवारात बर्फ तेवढाच उरला.

शिमगा झाला. रानातली हळद काढली, शिजवली. अंगणात माझ्या भोवतीनं वाळत घातली. हरणाबाई आता बोलत नव्हती, पण नाकपुड्या हलायच्या. एके सकाळी तिनं नीट शब्दांत सांगितलं, "आता बोलवा त्येला." हे तिनं सांगितलं. तिचं तिनं. आबा धावत कराडला गेले. आई सीरियस, ताबडतोब निघ.

तीच तार, साहेब. अक्षर न् अक्षर तेच. आणि तिकडं बर्फातल्या लष्करी साहेबांनी ती वाचून कृष्णातला विचारलं, "तुझी आई दिवाळीतच सीरियस होती ना? सुट्टीसाठी सगळेच आईला आजारी पाडतात." खरं-खोटं करायला त्यांनी खाली जिल्ह्याला विचारलं. जिल्ह्यानं तालुक्याला, तालुक्यानं गावाला. गावाचं उत्तर वर जाईपर्यंत चार सऱ्यांचे तुरे उडत राहिले. तुऱ्यांची उरलीसुरली कापसासारखी म्हातारी अंगणभर तरंगायची, पिवळ्या हळदीवर पांढरी बसायची, हरणाबाईच्या पांघरुणावर बसायची. पाडव्याच्या आधी, अशाच एका दुपारी, तिनं पांघरुणावरचं पांढरं बोटानं टिपलं, अंजनाला म्हणाली, "गार न्हाई गं ह्ये," आणि माझ्यातली वाळू एकदा सरकली आणि थांबली.

दहावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी कृष्णात आला. मला नदीवर घासून अंगणात वाळत ठेवलं होतं. तो थेट माझ्यावर आडवा झाला, आईचं डोकं जिथं असायचं तिथंच डोकं ठेवून. बिराप्पानंतर माझ्यावर निजणारा हा पहिला धडधाकट माणूस. समोर कापलेलं रान होतं आणि मधे त्या चार सऱ्या, बोडक्या, वाळलेल्या.

"आबा, त्येवढ्याच का ठेवल्यात?"

आबा उंबऱ्यावर बसले होते. "तिला बर्फ बघायचं हुतं," ते म्हणाले. "तू जिथं हुतास त्ये."

कृष्णात उठला नाही. माझी कडा त्यानं दोन्ही हातांनी धरली. हिरव्या रंगाचे पोपडे त्याच्या नखांत गेले.

आबांनी मला पुन्हा तालमीत पाठवलं नाही. गावानं मागितली, तेव्हा म्हणाले, "हिच्यावर जे निजंल त्येच्यासंगं कुनी खोटं बोलनार नसंल तर न्या." तेव्हापासून कुणी आलेलं नाही. म्हणून मी गोठ्यात आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कधी कुणी असं निजलं, तर माझी एवढी विनंती ऐका. माझ्यासारख्या खाटेला रंग देऊ नका. खाट घासूनपुसून ठेवा, उजेडात ठेवा, आणि निजलेल्याच्या उशाशी बसून त्यालाच विचारा की तुला काय बघायचंय, कुणाला बोलवायचंय आणि कधी. तो जे सांगेल ते करता आलं तर करा. नाही आलं तर तेही त्याच्या तोंडावर सांगा.

आणि आता तुम्ही, साहेब. तुम्ही आबांना दिवाळी सांगितलीत. भामाबाईला कळली, दादासोला कळली, लष्कराला कळली. हरणाबाईला का नाही सांगितलीत? ठाऊक नव्हतं, तर ठाऊक नाही असं का नाही म्हणालात? तिचे ते दिवस तुम्ही कुणाला विचारून दुसऱ्यांच्या हातात दिलेत?

पायथ्याची कमान बुटकी आहे, तिला टेकून उत्तर देता येणार नाही. इकडं या. उशाशी बसा. कृष्णात अजून सुट्टीला आला की पेंढ्या उतरवून माझ्यावर निजतो. त्याच्या तोंडाकडं बघा, आणि सांगा.